पार्सलची महिन्याची फेरी

शिरपतअण्णा घराबाहेर पडताना घोषणा करायचे. दाराला कडी लावायची, घसा खाकरायचा आणि रिकाम्या आळीला उद्देशून सांगायचं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, दूध आणायला जाणारी गाडी फलाटावरून सुटत आहे." मग शिट्टी. मग किटली हलवत प्रस्थान. आळीत कुणाला याचं नवल वाटत नसे. उलट एखाद्या सकाळी घोषणा झाली नाही, तर शेजारच्या हमीदाभाभी खिडकीतून डोकावून विचारायच्या, "काय अण्णा, आज गाडी लेट?"

अण्णा मूळचे उत्रोलीचे. सगळी नोकरी एसटीत झाली आणि भोरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्त झाली ती खाकी पँट. आवाज, शिट्टी आणि वेळापत्रक यांना तसा काही आदेश मिळालेला नव्हता. गळ्यात तुळशीची माळ, खिशात शिट्टी, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर आणि त्यात एक पांढरं पामेरियन कुत्रं. त्याचं नाव पार्सल.

मी तेव्हा नवी नवी जनावरांची डॉक्टर होऊन भोरच्या दवाखान्यात आले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोक तोंडावर मला 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'ढोरांची डॉक्टरीण'. सकाळपासून म्हशी, बैल, वेल्ह्याच्या डोंगरातनं टेम्पोत कोंबून आणलेल्या शेळ्या. कुत्र्याला दवाखान्यात आणणारा माणूस म्हणजे अपूर्वाईच. त्यामुळे पार्सलची टोपली छातीशी धरून अण्णा पहिल्यांदा आले, तेव्हा रांगेतल्या म्हशींनीसुद्धा वळून पाहिलं असावं.

अण्णांनी आधी शिपायाला बाहेर काढलं. दार लोटलं. मग भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे बघत म्हणाले, "बाई, विषय मागच्या बाजूचा आहे."

"कुणाच्या?"

"वाहनाच्या."

"म्हणजे डिक्कीचा?" मी वैतागून म्हटलं. बाहेर एक अडलेली म्हैस माझी वाट बघत होती.

"बरोब्बर! डिक्की!" अण्णांचा चेहरा उजळला. बाईमाणसासमोर उच्चारता येईल असा शब्द एकदाचा सापडला होता. त्या दिवसापासून कुत्र्याच्या शेपटीखालच्या सगळ्या शरीरशास्त्राला आमच्या दवाखान्यात डिक्की हेच नाव पडलं.

तक्रार अशी होती. पार्सल जमिनीवर बूड टेकवून, पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत घरभर फिरायचा. मध्येच गर्रकन वळून शेपटीखाली चाटायचा. आळीचं निदान तयार होतं, जंत. वावडिंग देऊन झालं, ओवा देऊन झाला, दृष्ट काढून झाली. पण खरी अडचण वेगळीच होती. अण्णांच्या घरातून अधूनमधून सुकटीचा वास यायला लागला होता. उन्हात ठेवलेल्या सुकटीच्या पाटीचा असतो, तस्सा.

माळकरी माणसाच्या घरातून सुकटीचा वास! आळीत कुजबुज सुरू झाली की शिरपतअण्णांनी माळ खुंटीला अडकवली. एकटा माणूस, म्हातारपणी जीभ चळली असेल, असं म्हणून काहींनी माफही करून टाकलं. हमीदाभाभी मात्र सरळ बाई. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, "अण्णा, खायाची तर उघड खा की. म्या वाटीभर रस्सा धाडते. आसं लपूनछपून कशाला?" त्यानंतर दवाखान्यात येईपर्यंत अण्णा लाजेने घराबाहेरच पडले नाहीत. घोषणाही झाली नाही.

मी हातमोजा चढवला, शेपटी उचलली आणि अर्ध्या मिनिटात आळीचं कोडं सुटलं. कापसावर तपकिरी, चिकट पदार्थ आला आणि खोलीभर सुकट झाली. अण्णांनी नाक दाबलं नाही. त्यांनी माळेला हात लावला आणि "सुटलो रे बाबा!" म्हणाले.

मग मी त्यांना समजावलं. शेपटी बारावर धरली, तर घड्याळात चारला एक आणि आठला एक अशा दोन बारक्या पिशव्या प्रत्येक कुत्र्याला असतात. त्यांत हा वासाचा माल साठतो. कुत्रं कुत्र्याला ओळखतं ते याच वासावर. शी घट्ट असली की जाताजाता पिशव्यांवर दाब पडतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. शी पातळ झाली की दाब नाही, माल तुंबतो, खाज सुटते आणि कुत्रं बूड घासतं.

"चारची आणि आठची," अण्णा पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "म्हणजे गाडीला लोडच नाही!"

"खायला काय घालता?"

अण्णा परत गायीच्या चित्राकडे बघू लागले. दूध-बिस्किट, दूध-खारी, दूध-पाव आणि एकादशीला पेढा. मी सगळं बंद करायला सांगितलं. उकडलेला लाल भोपळा जेवणात कालवा, वजन उतरवा, रोज नीरेच्या पुलापर्यंत चालवा. जागा लाल झाली, सुजली, रक्त किंवा पू दिसला तर त्याच दिवशी घेऊन या, आत गळू होतं आणि फुटतं. आणि घरी उगाच दाबत बसू नका.

"छे छे. माझ्या हाताला त्याचा परवानाच नाही," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पार्सलची फेरी लागली. मी सांगून पाहिलं की पिशव्या भरल्या तरच रिकाम्या करायच्या, विनाकारण पिळल्या तर उलट आग होते. "तुम्ही तपासा आणि रिकामी असली तर रिकामी पाठवा," अण्णा म्हणाले, "पण फेरी म्हणजे फेरी." भोपळ्याने आणि चालण्याने फरक पडला, पण लहान जातीच्या काही कुत्र्यांना हे दुखणं जन्माचं असतं. दर महिन्याला अण्णा दारातून घोषणा करत, "पार्सल, फलाट क्रमांक एक." मग त्याचं डोकं काखेत धरून स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. काम झालं की दोनदा शिट्टी. त्या शिट्टीने बाहेरच्या म्हशी बुजायच्या आणि मी चिडायचे. आता शहरात माझा दवाखाना आहे, लोक गार गाड्यांतून कुत्री आणतात, पण हातमोजा काढताना अजून माझे कान त्या दोन शिट्ट्यांची वाट बघतात.

पार्सल अण्णांचा नव्हता, हे मला बऱ्याच फेऱ्यांनंतर कळलं. निवृत्तीच्या वर्षी स्वारगेटहून आलेल्या गाडीत सीटखाली एक टोपली राहिली होती. आत हे पिल्लू. अण्णांनी भोंग्यावरून घसा बसेपर्यंत पुकारा केला, कुणी आलं नाही. डेपोत जमा करायला गेले तर तिथले लोक हसले. छत्र्या ठेवू, डबे ठेवू, जिवंत सामान कुठं ठेवणार? मग अण्णांनी ते 'तात्पुरतं ताब्यात' घेतलं आणि घराच्या दारावर पत्र्याची पाटी रंगवून लावली, 'सापडलेले कुत्रे. ओळख पटवून घेऊन जावे.'

नाव ठेवलं तेही पार्सल, म्हणजे जीव गुंतायला नको. "ज्याचं सामान त्याला सुस्थितीत परत करायचं," हे त्यांचं पालुपद. थंडीत पार्सलला लोकरीची टोपी घालताना हेच म्हणायचे. स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून देतानाही हेच.

कधी निवांत असले की एसटीच्या गोष्टी निघायच्या. सगळ्या गाड्यांत त्यांचा जीव मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी भोरहून निघायची, डोंगरातल्या एखाद्या गावात रात्री झोपायची आणि सकाळी परत यायची. "बाकीच्या गाड्या नुसत्या जातात, बाई," ते म्हणायचे. "मुक्कामी गाडी गावाची होते. लोक ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी आणून देतात."

एका दुपारी अण्णा टोपलीशिवाय आले. घोषणा नाही, शिट्टी नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पार्सलचा मालक सापडला."

पुण्याचं जोडपं. शिवऱ्याला नातेवाइकांकडे आलं असताना कुण्या कंडक्टरच्या तोंडून त्यांना पाटीची गोष्ट कळली होती. त्यांचा निरोप आला होता की रविवारी गाडी घेऊन येतो.

"देणार तुम्ही?" मी विचारलं.

"नियम आहे." मग म्हणाले, "तुमी साक्षीला पायजे. हितंच देतो. दवाखान्यात."

मधला सोमवार महिन्याचा पहिला होता. त्या सोमवारी पार्सल आला नाही. मला वाटलं, अण्णांचं मन लागत नसेल. मी निरोपही पाठवला नाही.

रविवारी पांढरी मारुती दवाखान्यासमोर उभी राहिली. साहेब, त्यांची पत्नी आणि मागच्या सीटवर नवी कोरी उशी. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पार्सलला शिकेकाईने न्हाऊ घातलेलं, केस विंचरलेले. अण्णांनी टोपली टेबलावर ठेवली आणि सावधान उभे राहिले.

"अय्या, स्नोई! आमचा स्नोई!" म्हणत बाईंनी त्याला उचललं. पार्सलने त्यांना ओळखलं असेल की नाही, देव जाणे. तो घाबरून ताठ झाला, शेपटी पोटाखाली घातली, आणि घाबरलेलं कुत्रं करतं तेच त्याने केलं. चारची आणि आठची एकदम सुटली. थेट बाईंच्या साडीवर.

वास खोलीभर उभा राहिला. साहेबांनी खिडकी गाठली. "हे काय आहे?" बाई ओरडल्या. "आजारी आहे का तो?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी डॉक्टर, मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं. पिशव्या, साठणं, तुंबणं, भोपळा, गळू होण्याची भीती, सगळं. कायमचं बरं होईल असं औषध नाही, महिन्याकाठी तपासावं लागतं, लागलं तर हाताने रिकामं करावं लागतं.

"हाताने म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"बोटाने," मी म्हटलं.

अण्णा पुढे झाले. हातमोजा साहेबांपुढे धरून म्हणाले, "अवघड काही नाही, साहेब. बाई दाखवतील. शेपटी बारावर धरायची." साहेबांनी मोजा घेतला, एक बोट घातलं, शेपटीकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं. "आमच्या ड्रायव्हरला शिकवता येईल का?" त्यांनी विचारलं. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, ड्रायव्हरचं राहू दे, नवा सोफा आहे घरी. दोघं व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात बोलली. परत आल्यावर साहेब अण्णांना म्हणाले, "तुमची त्याला सवय झालीय. सध्या तुमच्याकडेच राहू दे. आम्ही येऊन बघत जाऊ."

"ठीक आहे," अण्णा म्हणाले. "ताब्यात ठेवतो." मग बाहेर जाऊन त्यांनी शिट्ट्या मारमारून मारुती मागे घ्यायला मदत केली. कापूरहोळच्या रस्त्याला लागेपर्यंत हात दाखवत उभे राहिले.

परत आले तेव्हा मी पार्सलला तपासत होते. जागा लाल झाली होती, पिशव्यांत अजून माल होता.

"अण्णा, सोमवारी का नाही आणलंत याला?"

अण्णा टेबलाची कड धरून उभे राहिले. मग त्यांचा भोंग्यावरचा आवाज गेला आणि उत्रोलीचा आला.

"ती फेरी म्या रद्द केली, बाई. मुद्दाम केली. एवढी वर्सं नोकरी झाली, पूर आला, घाटात दरड पडली, पर मुद्दाम फेरी कवा रद्द केली न्हाई म्या. मुकं जनावर बूड घासत फिरत हुतं, माझ्याकडं बगत हुतं, आन म्या पाटी वाचत बसलो." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "सगळा जलम लोकास्नी गाडीत बशिवलं. माझ्यापाशी उतरलेलं ह्ये एकच हाय."

मला त्यांना रागवायचं होतं. गळू झालं असतं तर, असं म्हणायचं होतं. पण मी एवढंच म्हटलं, "धरा त्याला."

अण्णांनी धरलं. या खेपेला भिंतीकडे तोंड केलं नाही. पार्सलच्या कानाला तोंड लावून "झालं, झालं, बाळा" म्हणत राहिले. काम झालं. मी मोजा काढला आणि शिट्टीची वाट पाहिली. अण्णांनी शिट्टी ओठांना लावली, पण आवाज निघेना.

मग मीच घसा खाकरला. "प्रवाशांनी नोंद घ्यावी," मी म्हटलं, "ही गाडी आता भोरलाच मुक्कामी आहे."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दारावर पाटी नव्हती. हमीदाभाभींच्या कोंबड्यांच्या खुराड्याला वरून पत्रा हवाच होता. अक्षरं आतल्या बाजूला करून अण्णांनी पाटीचाच पत्रा स्वतः ठोकून दिला होता.