कॅमेरा आणि साबणाची वडी

"हा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो! नुसता ओळखत नाही, डोळा जिकडे जाईल तिकडे पाठोपाठ जातो!" शनिवारी जेवताना सरळबघांनी जाहीर केलं.

"मग पोलिसात भरती कर त्याला," बायको म्हणाली.

सरळबघा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पासपोर्टचे फोटो काढण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती आणि त्या एकोणीस वर्षांत तोंडून सर्वांत जास्त वेळा बाहेर पडलेले दोन शब्द गल्लीने उचलून त्यांनाच चिकटवून टाकले होते. दुकानात एक पांढरा पडदा, एक स्टूल, एक आरसा आणि दोरीला बांधलेला एक कंगवा. गिऱ्हाईक आलं की केस कानामागे, हसू बंद, सरळ बघा! एकोणीस वर्षांत आपण एकही हसरा माणूस टिपला नाही, हे एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा जीव त्या पांढऱ्या पडद्याला विटला.

म्हणून तर महिन्याभरापूर्वी त्यांनी तो व्यावसायिक मिररलेस कॅमेरा घेतला होता. आणि रविवारी त्याची पहिली मोठी कामगिरी होती! नळ आणि शॉवर बनवणाऱ्या एका कारखान्याला नव्या कॅटलॉगसाठी फोटो हवे होते. रविवारी नमुन्याचे फोटो काढायचे, ते मालकीणबाईंना पसंत पडले की तीन वर्षांचं काम पक्कं. म्हणजे पांढऱ्या पडद्यातून कायमची सुटका!

"मिररलेस म्हणजे काय हो, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं. त्या महिन्याभरापूर्वी राहायला आल्या होत्या.

"आई, म्हणजे याच्या आत आरसाच नसतो."

"अगं बाई! एवढा महाग, आणि आरसाही नाही? मग बदलून का नाही आणला?"

बायकोला ठसका लागला. सरळबघांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि व्याख्यान पुढे चालू ठेवलं. समोर टेबलावर बायकोचा कॅमेरा पडला होता, त्याच्यावर त्यांनी चमचा रोखला. "नाहीतर ही साबणाची वडी बघा!"

बायको नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात निरीक्षक होती. जमिनीखालच्या टाक्या, फुटलेल्या जलवाहिन्या, चिखलाने भरलेले चेंबर यांत उतरून फोटो काढायचे हे तिचं काम. त्यासाठी खात्याने तिला पिवळ्या रंगाचा, कोपऱ्यांना रबर लावलेला, मुठीत मावेल एवढा जलरोधक कॅमेरा दिला होता. रोज संध्याकाळी घरी आली की ती तो नळाखाली धरायची, जुन्या टूथब्रशने त्याच्या खाचांतली माती काढायची आणि बशांच्या शेजारी निथळत ठेवायची.

"माझा सेन्सर, फोटो टिपणारा चौकोन, मोठ्या टपाल तिकिटाएवढा! हिचा मसुरीच्या दाण्याएवढा!" सरळबघा म्हणाले. "माझी भिंगं बदलता येतात. अंधारातसुद्धा फोटो स्वच्छ येतो. हिच्यात दिवे गेले की सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो."

"माझा दाणा कमरेएवढ्या पाण्यात काम करतो," बायको म्हणाली. "पडला तर उठतो आणि परत कामाला लागतो. तुझं तिकीट काय करतं? हवा जरा दमट झाली की डब्यात जाऊन बसतं!"

हे मात्र खरं होतं. सरळबघा तो कॅमेरा झाकणबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत ठेवत. बाहेर काढला की रबरी फुग्याने त्यावर हवा मारत, मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा आत ठेवत. घरातल्या कुणाला हात लावू देत नसत.

सासूबाई हे सगळं महिनाभर बघत होत्या. आता इथे सांगितलं पाहिजे, की सासूबाई पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यातली सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यांच्या हातून एकही अवजार न धुता पुढे गेलं नव्हतं. मोठमोठे सर्जन त्यांच्यापुढे हात पुढे करून उभे राहत, नखं दाखवायला! अशा बाईच्या डोळ्यांसमोर लेकीचा कॅमेरा रोज धुतला जात होता आणि जावयाचा एकदाही नाही. नुसता वारा घालून कधी अवजार स्वच्छ होतं? लेक आपल्यापुरतं बघते आणि नवऱ्याच्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. त्या काही बोलल्या नाहीत. बोलण्यापेक्षा करून मोकळं व्हावं, असा त्यांचा स्वभाव होता.

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली. सरळबघांनी कॅमेरा डब्यातून काढून टेबलावर ठेवला, दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शीळ घालत स्वयंपाकघरात आले.

ओट्यावर पांढराशुभ्र पंचा अंथरला होता. त्यावर ओळीने, समान अंतर सोडून मांडलं होतं: कॅमेरा. भिंग. भिंगाचं पुढचं झाकण. मागचं झाकण. बॅटरी. पट्टा. सगळं चमकत होतं आणि सगळ्यातून पाणी ठिबकत होतं.

"कोमट पाणी घेतलं हं, जावईबापू," सासूबाई रबरी हातमोजे काढत म्हणाल्या. "काच आहे ना, गरम नको. सुटे होणारे भाग सुटे करूनच धुवावेत, नाहीतर घाण सांध्यात राहते. आणि तुम्ही उगाच म्हणत होता आरसा नाही म्हणून! आत आहे की चौकोनी, चकचकीत! टूथब्रशने छान घासून घेतला."

सरळबघा खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नसती तरी ते बसलेच असते. टूथब्रशने घासलेला तो चौकोन म्हणजे सेन्सर. महिनाभर ज्याच्यावर त्यांनी श्वास पडू दिला नव्हता, तो.

ओरडावं असं त्यांना फार वाटलं. पण सासूबाई इतक्या समाधानाने, शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या, की त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "साबण... कुठला वापरलात?"

"बाळाचा. सौम्य."

तेवढ्यात बायको आली. तिने पंच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, भाजीची पिशवी ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून उशीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज आला. मग ती डोळे पुसत बाहेर आली आणि आईला हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"मी... मी बिघडवला?" त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षांत त्यांना असं वाक्य कधी बोलावं लागलं नव्हतं. सरळबघांना आता स्वतःपेक्षा त्यांचीच दया यायला लागली.

बायकोने पिवळा कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला. "हा घेऊन जा."

"वेडी झालीस? मालकीणबाईंना मी फोनवर अर्धा तास सेन्सर समजावून सांगितलाय! ही साबणाची वडी घेऊन गेलो तर दारातूनच परत पाठवतील!"

"मग दुसरा कुठला आहे तुझ्याकडे?"

नव्हता. दुकानातला जुना कॅमेरा याच्या बदल्यात देऊन टाकला होता आणि सोमवारपर्यंत भाड्याचा मिळणार नव्हता. म्हणून मग बेत ठरला. धुतलेला कॅमेरा सरळबघांनी गळ्यात घालायचा आणि फोटो काढल्याचं सोंग करायचं. खरे फोटो दुसऱ्या कुणीतरी गुपचूप साबणाच्या वडीने काढायचे.

"दुसरं कुणीतरी म्हणजे मी," सासूबाई म्हणाल्या. "बिघडवलं मी, निस्तरणारही मीच." आणि त्या आपला प्लास्टिकचा एप्रन घडी करून पिशवीत घालायला लागल्या.

कारखान्याच्या दालनात बारा बाथरूम ओळीने मांडली होती. भिंती नाहीत, दारं नाहीत, वर कडक पांढरे दिवे, आणि प्रत्येक नळाला खरोखरचं पाणी! मालकीणबाई पायात कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. शेजारी खिशात पाना अडकवलेला एक म्हातारा फिटर.

"नळ सगळेच दाखवतात," त्या म्हणाल्या. "मला पाणी दिसलं पाहिजे. हाच का तो टपाल तिकिटाएवढ्या सेन्सरवाला?"

"हाच!" सरळबघांनी गळ्यातला कॅमेरा थोपटला. "आणि या माझ्या सहायक. त्यांच्या हातातलं ते पिवळं, ते प्रकाश मोजायचं यंत्र."

काम सुरू झालं. सरळबघांनी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावला, एक डोळा मिटला आणि जिभेने टाळूवर आवाज काढला, "टक!" एक पाऊल मागे. "टक!" गुडघा टेकून, "टक टक टक!" मालकीणबाई कौतुकाने बघत होत्या. सासूबाई शेजारी उभ्या राहून प्रकाश मोजत होत्या.

पहिल्या दहा मिनिटांत सगळं छान चाललं. मग सासूबाईंना सूर सापडला.

"छत्री!" त्या अचानक म्हणाल्या, आणि हात बाजूला पसरला.

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन त्यांच्यापुढे असाच हात पसरत. प्रकाश परतवायची पांढरी छत्री सरळबघांनी निमूटपणे उचलून धरली.

"डावीकडे. अजून. हलू नका!" सासूबाईंनी एप्रन चढवला, चप्पल काढली आणि त्या सरळ चालू शॉवरखाली शिरल्या! पिवळा कॅमेरा वर, थेट धारेत धरला. मग खाली वाकून नळाच्या तोंडापाशी एक बोटभर अंतरावर नेला, जिथे एक थेंब पडू की नको म्हणत लोंबत होता.

"तुमच्या सहायक प्रकाश फारच आतून मोजतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या... बारकाईच्या आहेत. टक!"

"एक फोटो बघू द्या ना मला."

"काम चालू असताना मी दाखवत नाही!" सरळबघा कॅमेरा छातीशी धरत म्हणाले. "कलावंताचा नियम असतो."

"एकच!" मालकीणबाईंनी पट्टा धरून कॅमेरा आपल्याकडे वळवला. कॅमेरा पालथा झाला. आणि त्याच्या पोटातून पाण्याची एक बारीक, सुबक धार निघाली आणि मालकीणबाईंच्या कॅनव्हासच्या बुटावर पडायला लागली.

 नळाच्या कारखान्यात गळती! म्हातारा फिटर तीस वर्षांच्या सवयीने धावत आला, खिशातून पांढरी टेप काढली आणि कॅमेऱ्याच्या तळाला गुंडाळायला लागला.

"वॉशर गेलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "सांध्यातून येतंय."

"हा कॅमेरा आहे की टाकी?" मालकीणबाईंनी विचारलं.

सरळबघांनी तोंड उघडलं, पण आतून "टक"सुद्धा येईना. शॉवर बंद करून सासूबाई बाहेर आल्या, केसांतून पाणी गळत, ताठ मानेने.

"बाई, त्यांना बोलू नका. तो कॅमेरा मी सकाळी साबणाने धुतला. मला वाटलं अवजार आहे, स्वच्छ असावं. ते मला एक वाकडा शब्दही बोलले नाहीत. असा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. फोटो सगळे या पिवळ्यात आहेत, मी काढलेत. वाईट आले असतील तर दोष माझा आहे."

 एकोणीस वर्षांत सरळबघांबद्दल कुणी असं भर दालनात बोललं नव्हतं. काम गेलं तर गेलं, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं. दुसऱ्याच क्षणी पांढरा पडदा डोळ्यांपुढे आला.

मालकीणबाईंनी हात पुढे केला. सासूबाईंनी पिवळा कॅमेरा पिशवीतल्या पंच्याने पुसून त्यांच्या तळव्यावर ठेवला. मालकीणबाई फोटो पुढे पुढे सरकवत गेल्या. काही वाकडे होते, एकात सासूबाईंचा अंगठा होता. मग त्या थांबल्या. शॉवरचा फोटो, थेट खालून, प्रत्येक धार काचेच्या दोऱ्यासारखी डोळ्यांत उतरणारी. पुढचा, तो लोंबणारा थेंब, आणि त्या थेंबात उलटं दिसणारं सगळं दालन, बारा बाथरूम, फिटर आणि छत्री धरून उभे सरळबघा!

फिटरने मान वाकडी करून बघितलं. "यात पाणी दिसतंय," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी फोटो आपल्याकडे उतरवून घेतले. "कळवते," एवढं म्हणून ओल्या बुटाचा पचपच आवाज करत निघून गेल्या.

तीन दिवस सरळबघांनी भाड्याचा कॅमेरा घेऊन पांढऱ्या पडद्यापुढे काढले. चौथ्या दिवशी, एका गिऱ्हाइकाचे केस कानामागे करत असताना, दुकानात फोन वाजला.

"तो थेंब मुखपृष्ठावर घेतेय," मालकीणबाई म्हणाल्या. "काम तुमच्याकडे. तीन वर्षं."

सरळबघांनी अशी उडी मारली की गिऱ्हाईक स्टुलावरून उठून उभं राहिलं. "आभारी आहे! मी नवा सेन्सर बसवून घेतो, त्याहून मोठं भिंग..."

"छे छे! कॅमेरा तो पिवळाच. तसलाच एक मी मागवलाय. आणि फोटो त्या बाईच काढतील, मघाशी त्यांच्याशी बोलून झालंय माझं. फक्त त्यांना छत्री धरायला एक माणूस लागेल."

"माणूस ना? बघतो की," सरळबघा म्हणाले. "कुणाला पाठवू?"

"त्यांनी नाव सुचवलंय. म्हणाल्या, घरचाच आहे, स्वभावाने फार चांगला. छत्री हलवतो जरा, पण शिकेल."