पहिले हल्या दख!

मूल होत नाही म्हणून मी सुमनला, माझ्या बायकोला, सावद्यापासून शिंदखेड्यापर्यंत वैद्यांकडे फिरवली. स्वतः एकाही दारात तपासायला बसलो नाही. रोज संध्याकाळी मोहाची घ्यायचो आणि ओट्यावर उभा राहून तिला वांझ म्हणायचो. ही माझी चूक. ती सांगायची तर धुळ्यातल्या आमच्या शेजारच्या नानांबद्दल सांगायलाच हवे.

नाना गुरांचे डॉक्टर. माणसालाही ते गुरासारखेच तपासत. पाहुणा चहाला आला की आधी त्याची पापणी ओढून बघत, मग पाठीवर थाप मारत. माझ्या मेव्हण्याचे दात तर त्यांनी ऐन लग्नात, बोहल्यावर चढण्याआधी पाहिले. म्हैस गाभण राहत नाही अशी तक्रार आली की त्यांचे एकच उत्तर असे, "म्हैसले नको बोलू. पहिले हल्या दख!" हल्या म्हणजे रेडा, दख म्हणजे बघ.

पुढे आईने ठरवले, सुमनला माहेरी धाडायचे आणि पारोळ्याची मुलगी करायची. मुलगी बघायला निघालो, तेव्हा सुमन ट्रंक भरत होती. नाना ओट्यावर आले आणि त्यांनी माझे तोंड हुंगले.

"अक्का, पोरगी दखी ऱ्हायनात, हल्या दखा का?"

आई खवळली. "मना पोऱ्या ढोर शे का?"

"नही शे. ढोर दारू पेत नही."

मग मला त्यांच्या घरात नेऊन ते म्हणाले, "डोक्यातली एक ग्रंथी रक्तातून हुकूम धाडते. तो ऐकून अंडग्रंथी पुरुषाचा रस आणि बीज तयार करतात. रोजची दारू वरचा हुकूमही मंद करते आणि खालच्या ग्रंथीही बधिर करते. मिशा राहतात, बीज राहत नाही. जळगावला जा, तपासून घे."

"नाना, तुम्हाला माणसांचं काय कळतं?" मी हसलो.

ते हसले नाहीत. "मीही प्यायचो. बायकोला वांझ म्हणून माहेरी पाठवली. तपासणी नंतर केली. आणायला गेलो, तोवर तिचं दुसरं घर झालेलं. अंगणात दोन पोरं खेळत होती. त्यातल्या थोरल्यानं मला पाणी आणून दिलं."

त्या दिवशी मी पारोळ्याला गेलो नाही. जळगावला गेलो. दोष माझ्यातच निघाला.

घरी आलो तेव्हा सुमनची ट्रंक अजून दारातच होती. गल्लीने माझी शिवी ऐकली होती, तेव्हा हेही गल्लीनेच ऐकायला हवे होते. मी तिला ओट्यावर बोलावले आणि मोठ्याने म्हणालो, "सुमन, वांझ तू नव्हतीस. दोष माझ्यात आहे. मला माफ कर."