पाझर आठ लिटर

उद्या साहेब तपासणीला येणार, हा निरोप आला तेव्हा धरणाचा चौकीदार चहा पीत होता आणि त्याची बायको पाझराचं रजिस्टर चाळत होती. नऊ वर्षं रोजंदारीवर काढल्यावर नवरा कायम व्हायची वेळ आली होती, तेव्हा निदान त्याची वही तरी नीट आहे ना बघावं, एवढाच तिचा हेतू. तपासणीचा शेरा चांगला आला तर फाइल पुढे सरकणार होती. नाही आला तर नोकरीबरोबर धरणावरचं हे दोन खोल्यांचं घरही जाणार होतं.

"अहो," ती म्हणाली, "चार महिने रोज आठच?"

धरण लहानसं, मातीचं. अशा धरणातून थोडंफार पाणी झिरपतंच. पायथ्याशी त्याची एक नळी असते. रोज सकाळी तिच्याखाली बादली धरायची, मिनिटाला किती लिटर येतं ते मोजायचं आणि लिहायचं, हेच चौकीदाराचं मुख्य काम. पण पायथ्याची वाट काटेरी झुडपांनी बुजलेली. आधीच्या चौकीदाराने कारभार सोपवताना सांगितलं होतं, आठ लिहीत जा. त्याला त्याच्या आधीच्याने सांगितलं होतं. असा हा आठ वडिलोपार्जित होता. शेजारच्या रकान्यात तलावाची पातळी मात्र तो अगदी खरी लिही, कारण पातळीची पट्टी घरच्या खिडकीतून दिसत असे.

बायकोचं म्हणणं पडलं की आजारी माणसाचा तापसुद्धा रोज सारखा नसतो, मग पाणी कसं असेल? झालं, कोरं रजिस्टर निघालं. दुपारभर ती आकडे सांगत होती आणि तो तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहीत होता. पातळी जशीच्या तशी उतरवली, पाझर तेवढा नवा. मध्ये एकदा त्याने आपल्या मनाने सात लिहिला, तर ती रागावली. उतरते आकडे दिसले की साहेबाला वाटणार, कामात ढिलाई आहे. चढते ठेवले की माणूस मेहनती दिसतो. म्हणून नऊ, अकरा, चौदा करत पाझर सतरावर गेला आणि जुनं रजिस्टर चुलीत गेलं.

साहेब नवेच होते, शिकून ताजे. त्यांनी रजिस्टर उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"तलावाचं पाणी उतरतंय," ते हळूच म्हणाले, "आणि पाझर चढतोय?"

"होय साहेब," चौकीदार अभिमानाने म्हणाला.

पाणी कमी होत असताना पाझर वाढतो याचा अर्थ आतली माती वाहून वाट रुंदावतेय, धरण पोखरतंय. चौकीदाराने घाईघाईने सुचवलं की साहेबांनी एकदा स्वतःच मोजून बघावं. पण धोका असताना पायथ्याशी कोणी जाऊ नये, असं साहेबांच्या पुस्तकात होतं. साहेब पुस्तकाबाहेरचे नव्हते. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन केला, वरच्यांनी आणखी वरच्यांना, आणि तासाभरात धरणाखालचं अख्खं गाव टेकडीवरच्या शाळेकडे निघालं. बिऱ्हाडं, म्हाताऱ्या, कोंबड्या, सगळी वरात.

गावातच चौकीदाराची सासुरवाडी. सासरे खाटेवर बसून राहिले, उठेनात. जावई राखतो ते धरण फुटेलच कसं, असा त्यांचा सवाल होता. शेवटी चौघांनी त्यांना खाटेसकट उचललं. जाता जाता ते हात हलवून म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर भरवसा आहे."

हे ऐकून चौकीदार तडक माघारी वळला. गेली नोकरी तर गेली, असं म्हणत तो साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, ते आकडे खोटे आहेत. मी घरी बसून लिहिलेत."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भीतीने असं होतं. माणूस आपल्याच कामावर शंका घेतो. तुम्ही जरा पाणी प्या." मोठे साहेब गाडीत बसले होते, निम्म्या वाटेवर आले होते. आता पाझर खोटा असून कुणालाच चालण्यासारखं नव्हतं.

मग पाणी सोडायला दरवाजाचं चाक फिरवायला घेतलं, तर ते हलेना. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, सगळं गंजलेलं. सहा गडी आणि डबाभर तेल लागलं तेव्हा कुठे ते कुरकुरत फिरलं. म्हणजे खोट्या आकड्यांनी धरणाचं भलंच केलं म्हणायचं. दोन दिवसांत पातळी पुरुषभर उतरली, गाव शिव्या घालत घरी परतलं. साहेबांच्या अहवालात आलं की चौकीदाराच्या दक्षतेमुळे अनर्थ टळला असून धोका पूर्णपणे दूर झाला आहे. कायम केल्याचा हुकूम मोठ्या साहेबांनी त्याला शाळेच्या पटांगणात, टाळ्यांच्या गजरात दिला. तो खाली मान घालून उभा होता. लोक म्हणाले, बघा, किती विनम्र.

त्या टाळ्या त्याला टोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोयता घेतला, झुडपं तोडली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पायथ्याशी जाऊन बादली धरली. तेवीस लिटर. पाणी स्वच्छ होतं, मातीचा मागमूस नव्हता, पण तेवीस. त्याने तीनदा मोजलं. मग रजिस्टरात तेवीस लिहिलं. आठवडाभर रोज जाऊन मोजलं, तेवढंच आलं, तेवढंच लिहिलं.

तपासणीपासून आकडे रोज कार्यालयाला कळवायचे होते. आठव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. पातळी उतरवल्यानंतर व धोका दूर झाल्याचा अहवाल मंजूर झाल्यानंतर इतका पाझर संभवत नाही. सदर आकडे घरी बसून लिहिल्याचे दिसते. ते दुरुस्त करून मागील वर्षांच्या रजिस्टरांप्रमाणे पूर्ववत आठ करावेत, अन्यथा कायम नेमणुकीचा फेरविचार होईल. खाली सही, शिक्का. खोटं लिहायचा हुकूम त्याला पहिल्यांदाच रीतसर मिळाला होता.

चौकीदाराने पेन उघडलं, तारीख लिहिली, पातळी लिहिली आणि पाझराच्या रकान्यापाशी थांबला. बायकोला राहवेना.

"लिहा की आठ. नऊ वर्षं तर डोळे मिटून लिहिलंत."

"तेव्हा खरं किती ते ठाऊक नव्हतं गं," तो म्हणाला, आणि त्याने तेवीस लिहिलं.