चौदा नंबर गेटवरचं निळं विमान

गुन्हेगाराला माझ्या पावलांचा आवाज दुरूनच ओळखू येतो. ओळखू आला की तो निवांत होतो. आजवर सतरा प्रकरणं मी हाताळली. त्यांतली सोळा माझ्या मदतीशिवाय सुटली आणि सतराव्यातली मांजर स्वतःच घरी परतली. वजनकाटे तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने सत्य नाही तपासायचं, तर काय तपासायचं?

अठराव्या प्रकरणासाठी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, लगेच ये. ह्यांचं गेट कुणीतरी बळकावलंय."

तिच्या इमारतीखाली जागा दिसली तिथे स्कूटर लावली (पार्किंगचा विचार करत बसणारा डिटेक्टिव्ह कधी मोठा होत नाही) आणि तीन जिने चढलो.

बहिणीचे यजमान पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. खऱ्या विमानात एकदाच बसले, तेही डोळे मिटून. पण घरी संगणकावर विमान चालवतात, म्हणून अख्खी इमारत त्यांना कॅप्टन म्हणते. इतरांना या खेळात उडण्याची हौस असते. कॅप्टनना उभ्या विमानांची. कुठलं विमान कुठल्या गेटला लागतं, किती वाजता सुटतं, हे खऱ्या वेळापत्रकात बघून त्यांनी तीन महिने खपून पडद्यावरचा विमानतळ भरला होता. ते तीन महिने पाणीपुरवठ्याच्या या माणसाच्या घरातला नळ गळत होता.

"निळं विमान पाच वाजता चौदा नंबरवरून निघतं," कॅप्टन घाम पुसत म्हणाले. "पाच दहाला मी तिथे लागायचं. दोनदा गेलो, दोनदा ते तिथंच! आज पाच दहाला आमच्या या खेळाच्या क्लबचे अध्यक्ष त्यांच्या घरून बघणार आहेत. आज गेट हुकलं तर मी कॅप्टनचा सहवैमानिक."

"शर्टावरची कॅप्टनची चौथी पट्टी मीच शिवली, उसवायलाही मीच," बहीण कात्री हातात घेऊन म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच दहा झाले होते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर कॅप्टननी चिकटपट्टी लावली होती, कारण खऱ्या कॉकपिटमध्ये तिथे घड्याळ नसतं. त्यांचं विमान इंजिनं चालू ठेवून खोळंबलं होतं. समोर चौदा नंबरला निळं विमान, ढिम्म.

मी भिंग काढलं. "वैमानिकाची खिडकी रिकामी आहे. पळाला!"

"दादा, उभ्या विमानांत मी वैमानिक बसवलेलेच नाहीत," कॅप्टन म्हणाले.

"म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केलात."

एवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे औषध दुकानदार. "जरा एक विनंती होती..."

"बसा!" मी त्यांना खुर्चीत ढकललं. "गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच."

"अहो, मी आज पहिल्यांदाच येतोय."

"म्हणजे सुरुवात केलीत. शर्ट निळा, विमान निळं. दुपारी कुठे होता?"

"झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"मी आहे ना," बहीण म्हणाली. "घोरणं वरपर्यंत येतं."

"मला सोडा हो," दुकानदार काकुळतीला आले. "पाचला दुकान उघडायचंय. दहाच मिनिटं राहिलीत."

"खोटं!" मी भिंतीकडे बोट दाखवलं. "पाच दहा झालेत!"

त्यांनी मनगट पुढे केलं. पाचला दहा कमी.

मी भिंगातून पाहिलं. तरीही पाचला दहा कमीच.

"भिंतीवरचं मीच वीस मिनिटं पुढे केलंय," बहीण म्हणाली. "महिना झाला. तेव्हापासून हे कार्यालयात वेळेवर पोचतात."

"मला सांगायचं नाही?" कॅप्टन ओरडले.

"सांगितलं असतं तर रोज वीस मिनिटं वजा करून लोळला असता."

कॅप्टननी चिकटपट्टी ओरबाडली. खाली चार पन्नास. खेळ त्या घड्याळावर चालतो. निळं विमान बिचारं वेळेवरच निघणार होतं. वीस मिनिटं आधी येऊन दारात अडून बसत होते ते कॅप्टन.

आम्ही थांबलो. संशयिताला मी उठू दिलं नाही. पाचच्या ठोक्याला निळं विमान मागे सरकलं आणि बरोबर पाच दहाला कॅप्टन चौदा नंबरला लागले. पडद्यावर अध्यक्षांचा निरोप उमटला : "शाबास, कॅप्टन." कॅप्टनचे डोळे भरून आले. बहिणीने कात्री खणात ठेवली.

"प्रकरण सुटलं!" मी जाहीर केलं आणि मोठ्या मनाने दुकानदारांकडे वळलो. "तुम्हालाही निर्दोष सोडतो. बोला, काय विनंती होती?"

"माझ्या गाडीच्या मागे तुमची स्कूटर उभी आहे," ते म्हणाले. "तेवढी काढता का?"