सुईने दाखवलेला चोर

गावकीची लोखंडी कढई तळ्यावर घासताना धाकलूच्या हातून निसटली आणि खोल पाण्यात गेली. झालं होतं एवढंच. पण लढाईचे दिवस, लोखंडाला भलता भाव! लोधिवलीजवळच्या त्या वाडीत कोणाचा विश्वास बसेना. सगळ्यांत मोठा आवाज पोपटचा.

"बुडतेय कसली? इकली असंल यानं चौकच्या बाजारात!"

धाकलू बिचारा साधा माणूस. आळ आला की त्याची जीभच उचलत नसे. कढई मिळाली नाही तर गावकीतून उठवणार म्हणून बायको भागूबाई डोळ्यांना पदर लावून बसली.

तेवढ्यात मुंबईच्या गोदीत कामाला असलेला जयवंता सुट्टीवर आला. येताना होकायंत्र घेऊन आला होता.

"काका, रडता काय? बोट पाण्यावरून गेली की तिचं लोखंड तळातल्या सुरुंगाला कळतं. मग आमच्या सुईला कढई कळायची नाय?"

केळीच्या खुंटांचा तराफा झाला. पुढे सुई घेऊन जयवंता, मागे बांबूने तराफा रेटायला धाकलू आणि काठावर अख्खी वाडी. तळ्याच्या मध्यावर सुई गर्रकन फिरली ती थेट धाकलूकडे. तो उजवीकडे सरकला, सुईही सरकली. डावीकडे सरकला, तीही मागोमाग.

"काका, ही तुमच्याकडंच बघतेय की!" जयवंता ओरडला.

पोपटने मांडीवर थाप मारली. "बघा! सुईनं चोर दावला!"

धाकलूच्या डोळ्यांत पाणी तरारलं. कमरेला मागे सदा लटकणारा कोयता त्याने उपसला. "माज्याकडं लोखंड म्हंजे ह्यो. ह्योबी घ्या गावकीला!" आणि दिला पाण्यात भिरकावून.

सुई डगमगली आणि शांत झाली.

"आता कुनाकडं दावते रं?" धाकलूने विचारलं.

"उत्तरेला."

उत्तरेला एकच घर होतं, पोपटचं. सगळ्या माना तिकडे वळल्या. "अवो, सुई कोयत्याला भुलली व्हती! एरवी ती उत्तरच दावते!" जयवंता घसा फोडून सांगत होता, पण ऐकतो कोण!

"सुई खोटी हाय!" पोपटला घाम फुटला.

"मगाशी बरी खरी व्हती?" भागूबाईने विचारलं.

पोपटने धोतराचा काचा मारला आणि उडी घेतली. बुड्या मारमारून डोळे लाल झाले, तेव्हा कुठे तो कढई डोक्यावर घेऊन वर आला. वाडीने एकच कल्ला केला. धाकलूचा जीव भांड्यात पडला.

"गावली! आता तरी पटलं ना, मी चोर नाय?" पोपट धापा टाकत म्हणाला.

"पटलं रं पोपटदादा," धाकलू मायेने म्हणाला. "पन पाण्यात हायेसच, तर माजा कोयताबी चाचपून बघ की."

पोपटने मुकाट्याने बुडी मारली.