अध्यक्षांची दाढ आणि टोचेबाईंची पिचकारी

एका जंगलात, बाळांनो, दात पुष्कळांना होते आणि दातांची डॉक्टर एकच होती. सुतारपक्ष्यांच्या घरातल्या टोचेबाई. हात हलका, बोलणं फटकळ.

एके दिवशी जंगलाचे अध्यक्ष अस्वलराव त्यांच्याकडे आले. मध खाऊन खाऊन त्यांची एक दाढ केव्हाच किडली होती. हिरडीवर पुळी यायची, फुटायची, पुन्हा भरायची. दुखत मात्र नव्हतं. त्यामुळे अध्यक्षांच्या मते दाढ उत्तम होती. फक्त सभेत पुढच्या रांगेतले ससे भोवळ येऊन पडत.

बाईंनी दाढेला भोक पाडलं. आतून पू आला. असा वास सुटला की सोबत आलेलं अख्खं कार्यकारी मंडळ मागे सरकलं.

"हे काय केलंत, बाई?" सचिव कोल्होबा नाक दाबून म्हणाले. "तुम्ही हात लावेपर्यंत साहेबांच्या तोंडाला वास नव्हता."

"वास आतच होता," बाई म्हणाल्या. "आता मुळातली नळी जंतुनाशक औषधाने धुवायची. मग पुन्हा धुवायची. पू थांबला की बुजवायची. त्याआधी नाही."

"पण परवा साहेबांचा सत्कार आहे!"

"मग सत्कार पुढे ढकला."

असं अध्यक्षांसमोर कोणी बोलतं का? तुम्ही तरी बोलाल?

बाईंनी औषधाची पिचकारी मारली. अस्वलरावांना पहिल्यांदाच दुखलं. ते उठले आणि तडक कुंभारीण माशीकडे गेले. ही मातीची घरटी लिंपणारी. तिने चिमूटभर ओली माती घेतली, भोक लिंपलं आणि वरून गुळगुळीत केलं.

वास बंद झाला. मंडळाने टाळ्या वाजवल्या.

सत्काराच्या दिवशी अस्वलरावांचा गाल सुजला होता.

"साहेबांनी बाळसं धरलंय," कोल्होबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मान सुजली, ताप चढला. टोचेबाई न बोलावता उडत आल्या.

"अहो, ती माती काढा! पू बाहेर येऊ द्या, नाहीतर साहेब जातील!"

"म्हणजे पुन्हा तो वास?" म्हणत मंडळाने त्यांना हुसकावून लावलं. बाईंना रडू कोसळलं. अध्यक्ष कसेही असले, तरी पेशंट त्यांचा होता.

अस्वलराव गेले. चौकशी समिती बसली. दाढेला भोक कोणी पाडलं? टोचेबाईंनी. माती कोणी लावली, हे कोणी विचारलं नाही, कारण कुंभारीण माशी साहेबांचा पुतळा घडवण्यात गुंतली होती.

बाईंच्या झाडाकडे कोणी फिरकेना. पुष्कळ दिवसांनी नवे अध्यक्ष तरसराव आले. त्यांच्या हिरडीवर पुळी होती.

"बाई, तुम्ही धुणार नाही ना?"

टोचेबाईंनी आत पाहिलं. मग पिचकारी बाजूला ठेवली.

"छे हो," त्या म्हणाल्या. "माती कोणत्या रंगाची लावू?"

तात्पर्य : घाण साठवणाऱ्याची कधीच नसते, ती बाहेर काढणाऱ्याची असते. म्हणून बाळांनो, मोठेपणी डॉक्टर व्हायचं असेल, तर आधी माती मळायला शिका.