पहारेकरी वानराची अर्धवेळ पदवी

एका जंगलात, मुलांनो, एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्याला एक खातं होतं. पाणवठ्याला खातं कशाला लागतं, असं विचारू नका. पाणी आपलं आपण येतं आणि जनावरं आपली आपण पितात, हे मलाही ठाऊक आहे. पण खातं होतं. तुमच्यापैकी ज्यांना मिशा फुटल्या आहेत आणि सोमवारी ऑफिस आहे, त्यांनी मागच्या ओळीत बसावं आणि सारखं घड्याळ बघू नये.

खात्याचे प्रमुख होते गवासाहेब. अंगाने रानगवा, स्वभावाने बरे. त्यांच्या हाताखाली यशवंत लांबशेपे नावाचा एक वानर नोकरीला होता. पाणवठ्याकाठी ऐनाचं उंच झाड होतं. त्याच्या शेंड्यावर बसायचं आणि गवतात बिबट्या दिसला की ‘खॅक खॅक’ करून ओरडायचं, हे त्याचं काम. तो ओरडला की हरणं, सांबरं, भेकरं पाणी टाकून पळत. बिबट्या उपाशी परत जाई, आणि जाता जाता वर बघून यशवंतच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

चौदा वर्षं यशवंतने हे काम केलं. चौदा वर्षांत एक पाडस गेलं नाही. यशवंतचे गुडघे मात्र गेले. ऐनाचं खोड सरळसोट, पहिली फांदी फार वर. सकाळी चढताना तो ‘आई गं’ म्हणे आणि संध्याकाळी उतरतानाही ‘आई गं’च म्हणे.

खात्यात न चढता करायची एकच नोकरी होती, ती उपप्रमुखाची. जांभळाखाली एक सपाट, गार दगड होता. उपप्रमुखाने त्यावर बसायचं आणि मान वर करून विचारायचं, “काय हो, काही दिसतंय का?” यशवंतचा सगळा जीव त्या दगडात अडकला होता. जुने उपप्रमुख, एक रानडुक्कर, निवृत्त झाले, तेव्हा यशवंत अंघोळबिंघोळ करून गवासाहेबांकडे गेला.

“साहेब, चौदा वर्षं झाली.”

“माहीत आहे हो, लांबशेपे. तुमच्याशिवाय दुसरं कोण डोळ्यांसमोर येणार? पण नवा नियम आलाय. उपप्रमुखाला मॅनेजमेंटची पदवी पाहिजे.”

“पण साहेब, बिबट्या कुठल्या बाजूने येतो, वारा पडला की काय करतो, सगळं मला…”

“तो झाला अनुभव,” गवासाहेब म्हणाले. “अनुभव काय, कुणालाही येतो. दोन वर्षं जागा रिकामी ठेवतो. पदवी घेऊन या.”

यशवंत घरी आला. त्याची बायको इंदूबाई त्याच्या पाठीतल्या उवा वेचत होती. बातमी ऐकून तिचा हात थांबला.

“अहो, या वयात शाळा?”

“शाळा नव्हे गं. पदवी. आणि तीसुद्धा अर्धवेळ.”

अर्धवेळ पदवी म्हणजे काय, ते पुढच्या ओळीतल्या मुलांना सांगतो. मागच्यांना माहीत आहे. पूर्ण वेळ नोकरी करायची, पूर्ण वेळ संसार करायचा आणि उरलेल्या वेळात पूर्ण वेळ अभ्यास करायचा, याला अर्धवेळ पदवी म्हणतात.

टेकडीपलीकडच्या गुहेत संस्था होती. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर वर्ग भरे. तेवढ्या वेळापुरती झाडावर इंदूबाई बसू लागली. “तुमचं प्रमोशन होईपर्यंतच हं,” ती म्हणाली. नवऱ्याचे गुडघे तिनेच चौदा वर्षं चोळले होते. तो दगड तिलाही हवाच होता.

वर्गाला शिकवायला बगळे सर होते. ते एका पायावर उभे राहून शिकवत. त्यांनी स्वतः कुठेच नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे नोकरीबद्दल त्यांची मतं अगदी स्वच्छ होती.

“लिहून घ्या,” सर म्हणत. “जे मोजता येतं ते काम. जे मोजता येत नाही तो आराम.”

यशवंतने लिहून घेतलं. शेजारी हिरवे नावाचा पोपट बसे. तोही पाणवठा खात्यातलाच. गवासाहेबांचे हुकूम मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. हिरवे वर्गात डुलक्या काढी आणि परीक्षेत गाइड जसंच्या तसं म्हणून दाखवी. यशवंतला मात्र समजल्याशिवाय पुढे जाता येत नसे. हा एक आजारच आहे. काहींना जन्मतः असतो.

पहिल्या वर्षी तो झाडावर वही घेऊन बसे. एक डोळा वहीवर, एक गवतावर. एकदा ‘कर्मचाऱ्यांना प्रेरणा कशी द्यावी’ हा धडा चालू असताना दोन्ही डोळे वहीत गेले. बिबट्या दहा हातांवर येऊन ठेपला. यशवंत ओरडला तेव्हा एक म्हातारं भेकर शेपटीचे केस बिबट्याच्या पंजात ठेवून निसटलं. त्या दिवसापासून वही झाडावर गेली नाही. तो पहाटे उठून वाचू लागला, जेवताना वाचू लागला. पोरं अंगावर उड्या मारायला आली की तो म्हणे, “सबमिशन झालं की खेळू.” पोरांना वाटलं सबमिशन हा एखादा सण असेल. ती रोज आईला विचारत, कधी आहे म्हणून.

अशी पावणेदोन वर्षं गेली. शेवटी प्रोजेक्ट आला. आपल्या खात्यातलं कुठलंही एक पद निवडायचं, त्याच्या कामाचा अभ्यास करायचा आणि शंभर पानी अहवाल द्यायचा.

“यशवंतराव, तुम्ही खरंच करणार की काय?” हिरवे घाबरून म्हणाला. “अहो, त्या जुन्या वडाच्या ढोलीत मागच्या वर्षांचे पडलेत ढीगभर. वरचं पान बदलायचं. मी ‘मधमाश्यांमधील संघभावना’ उचललाय. सात वर्षं तोच पास होतोय.”

“छे, छे! शिकायचं तर मनापासून.”

मुलांनो, टाळ्या वाजवू नका. जरा थांबा.

यशवंतने पहारेकऱ्याचं पद निवडलं. त्याच्याइतकी त्या पदाची माहिती जंगलात कुणाला होती? बगळे सरांनी तक्ता दिला. तक्त्यात रकाने होते: चालणे, उचलणे, वाहणे, बोलणे, बैठकीस हजर असणे. या कशातच जे बसत नाही ते शेवटच्या रकान्यात घालायचं. त्याचं नाव ‘निष्क्रिय’.

तीस दिवस यशवंतने घटकेघटकेला नोंद केली. वही वर्ज्य असल्यामुळे तो नखाने फांदीवर रेघ ओढी आणि संध्याकाळी ती तक्त्यात उतरवी. पहारेकरी बसला होता. पहारेकरी बसला होता. पहारेकरी अजून बसलाच होता. तीस दिवसांत पहारेकरी अकरा वेळा ओरडला. ते ‘बोलणे’मध्ये गेलं. बाकी सगळं शेवटच्या रकान्यात.

बेरीज झाली तेव्हा यशवंतचा डोळ्यांवर विश्वास बसेना. शंभरातले सत्त्याण्णव भाग वेळ पहारेकरी निष्क्रिय! इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याला शोध लागल्याचा आनंद झाला. मग हळूहळू त्या पहारेकऱ्याचा रागही येऊ लागला. झाडावर बसून आयतं खातो म्हणजे काय? रागाच्या भरात त्याने शेवटचं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं. शिफारस: पहारेकऱ्याचं पद रद्द करावं. प्राण्यांनी पाणी पिताना आपापल्यावर आपापलं लक्ष ठेवावं. या योजनेला त्याने ‘स्वदक्षता’ असं नावही दिलं.

सबमिशनच्या आदल्या दिवशी इंदूबाईने अहवाल वाचायला घेतला.

“अहो, हा पहारेकरी कोण?”

“अगं, ते पद आहे. माणूस… म्हणजे वानर नव्हे.”

“पण झाडावर तुम्हीच बसता ना? आणि शनिवार-रविवार मी?”

“हो.”

“रविवारी मी खाली उतरते तेव्हा माझे डोळे चुरचुरतात. दिवसभर बघत असते मी. ते कुठे लिहिलंय?”

यशवंतने पानं पुढे-मागे केली.

“बघण्याला रकाना नाही,” तो म्हणाला.

“मग घाला की एक.”

“रकाने सरांचे आहेत, इंदू. बदलले तर मार्क जातात.” मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, “आणि आपण आता दगडावर बसणार. झाडावरची जागा राहिली काय, गेली काय, आपल्याला काय करायचंय?”

इंदूबाईने पानं नीट लावली आणि वर दगड ठेवला.

यशवंत पहिल्या वर्गात पहिला आला. तोंडी परीक्षेला बगळे सरांनी दुसरा पाय खाली टेकला, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. हिरवे काठावर पास झाला. संस्थेने यशवंतचा अहवाल कौतुकाने गवासाहेबांकडे पाठवला आणि तिसऱ्या दिवशी गवासाहेबांचं बोलावणं आलं. इंदूबाईने त्याला कुंकू लावून पाठवलं.

“लांबशेपे, डोळे उघडलेत तुम्ही आमचे! पहारेकऱ्याचं पद आजपासून रद्द.”

“आभारी आहे, साहेब. मग ते उपप्रमुखाचं…”

“हां, ते. त्याला खात्यातलाच कर्मचारी लागतो.” गवासाहेबांनी आवाज खाली आणला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. “तुम्ही आता खात्यात कुठल्या पदावर आहात?”

यशवंतने आठवून बघितलं. तो कुठल्याच पदावर नव्हता.

दगडावर हिरवे बसला.

तीन दिवस यशवंत घरी बसून होता. पदवीची गुंडाळी त्याने फांदीच्या बेचक्यात खोचून ठेवली होती. चौथ्या दिवशी दुपारी त्याची नजर सहज पाणवठ्याकडे गेली. वारा पडला होता आणि गवत मात्र हलत होतं. काठावर एक हरणी आणि तिचं पाडस स्वदक्षतेने पाणी पीत होती. म्हणजे त्यांची तोंडं पाण्यात होती आणि पाण्यातून पाणीच दिसत होतं. हिरवे दगडावर बसून मोकळ्या झाडाला विचारत होता, “काय हो, काही दिसतंय का?”

यशवंत ऐनावर कसा चढला ते त्यालाही कळलं नाही. त्या दिवशी तो ‘आई गं’ म्हणायचंही विसरला. “खॅक! खॅक! खॅक!” हरणी उधळली, पाडस तिच्यामागे उधळलं. बिबट्याने वर बघून लांबशेपे घराण्याची चौकशी केली आणि तो निघून गेला.

मग यशवंत रोजच जाऊ लागला. पद नाही, पगार नाही. महिना झाल्यावर गवासाहेबांनी पाणवठ्यावर सभा घेतली.

“पद रद्द करून महिना झाला,” ते म्हणाले. “एक पाडस गेलं नाही! अहवाल अक्षर न् अक्षर खरा ठरला आहे. योजना राबवल्याबद्दल उपप्रमुख हिरवे यांचा सत्कार करू या.”

“साहेब, तो वर बसतो तो कोण?” एका सांबराने विचारलं.

“माजी कर्मचारी आहेत,” हिरवे म्हणाला. “सध्या मोकळेच असतात.”

त्या संध्याकाळी इंदूबाईने त्याचे गुडघे चोळायला नकार दिला.

“कुणासाठी ओरडता हो? एक दिवस गप्प बसा. एकच दिवस. होईल ते होऊ दे. मग येतील आपसूक विचारत. जागा परत निघेल.”

“खरं आहे तुझं,” यशवंत म्हणाला. दोन वर्षं तो हेच शिकला होता. मागणी असल्याशिवाय किंमत येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो तोंडावर हात घट्ट दाबून झाडावर बसला. दुपारी गवत हललं. बिबट्या आला. तेच पाडस पाण्यावर होतं, आता थोडं मोठं झालेलं. बिबट्या वीस हातांवर आला. यशवंत गप्प. बिबट्या पंधरा हातांवर आला. नोकरी परत यायला आता फक्त पंधरा हात उरले होते. दहा हातांवर येऊन बिबट्याने अंग आवळलं.

पाडसाने पाण्यातून तोंड वर काढलं आणि ते शिंकलं.

यशवंत इतक्या जोराने ओरडला की टेकडीपलीकडच्या वर्गात बगळे सरांचा तोल गेला. पाडस वाचलं. अहवाल त्या दिवशीही बरोबर ठरला, आणि त्यानंतर रोज बरोबर ठरत राहिला.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम इतकं चोख करू नये की ते दिसेनासं व्हावं. वर्षाकाठी एखादं पाडस जाऊ द्यावं. त्याने नोकरी टिकते, झाडावरच्याची आठवण राहते आणि साहेबांना श्रद्धांजलीचं भाषणही करायला मिळतं. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी पदवी खुशाल घ्यावी.